धाकटे भाऊ

जुन्या गोव्यास जाणाऱ्या प्रवाशाला रस्त्याच्या एका बाजूस बॉम जेझू हे सुप्रसिद्ध चर्च दिसते. संत फ्रान्सिस झेवियर याचे शव तेथे चांदीच्या पेटीत जपून ठेवले आहे. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस, से कॅथीड्रलच्या शेजारी, आणखी एक जुने चर्च आहे. तेही संत फ्रान्सिसच्याच नावाचे असल्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. परंतु हा फ्रान्सिस निराळा. तो इटली देशातील असिसी गावचा. झेवियरच्या जन्माआधी सुमारे सव्वातीनशे वर्षे तो जन्मला. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. त्याच्या पंथातील लोक मात्र १५१७ साली गोव्यात येऊन राहिले, आणि आपल्या मूळ पुरुषाचे नाव त्यांनी तेथील वास्तूस दिले. आज उभी असलेली इमारत १६६१ सालची आहे. ह्या पंथाचे नाव मोठे चमत्कारिक आहे. त्यातील लोक स्वतःला गुरू किंवा स्वामी म्हणवीत नाहीत. धाकटे भाऊ म्हणवितात. हे नाव त्यांना कसे मिळाले आणि ते निभावताना काय काय सोसावे लागले, याची हकीकत म्हणजेच फ्रान्सिसचे चरित्र होय.

उंब्रिया प्रांतात सुबासिओ नावाच्या डोंगराच्या उतारावर असिसी वसलेले आहे. तेथे ११८१ किंवा ११८२ साली फ्रान्सिसचा जन्म झाला. त्याचा बाप पिएत्रो दि बेर्नार्दोने हा कापडाचा धनाढ्य व्यापारी. मुलगा जन्मला तेव्हा तो व्यापारासाठी फ्रान्समध्ये गेला होता. पिका हे आईचे नाव. तिने मुलाचे नाव जोव्हान्नी ठेवले. परंतु बाप परतला तो फ्रान्सच्या कौतुकात बुडालेला, म्हणून त्याने मुलाला फ्रान्चेस्को म्हणावयास सुरुवात केली. त्याचेच फ्रान्सिस झाले. घरात पैशाला तोटा नव्हता. मुलगा उंची कपडे घाली, मित्रांना मेजवान्या देई, रात्री गावातून गाणी म्हणत हिंडे. तो उधळा होता, पण दुष्ट नव्हता.

त्या काळी असिसीत दोन तट पडलेले होते. किल्ल्यात व वाड्यांत राहणारे सरदार म्हणजे मोठे लोक. आणि व्यापारी, कारागीर, कष्टकरी हे सारे धाकटे लोक. गावच्या कागदपत्रांतसुद्धा मोठे व धाकटे हेच शब्द योजीत असत. ह्या मोठेपणाच्या वादातून गावात रक्त सांडले. ११९८ साली धाकट्यांनी डोंगरावरचा किल्ला पाडला. पुष्कळ सरदार पळून शेजारच्या पेरुजा शहरात गेले, आणि त्यांची बाजू घेऊन पेरुजाने असिसीशी वैर धरले. फ्रान्सिस जन्माने धाकट्यांतला; परंतु त्याच्या बापाजवळ सरदारांसारखी संपत्ती होती, आणि मुलाच्या मनात सरदार व्हावयाचे होते. १२०२ साली पेरुजाशी लढाई झाली, तेव्हा तो घोड्यावर बसून लढावयास गेला आणि पहिल्याच लढाईत पकडला गेला.

सुमारे एक वर्ष तो पेरुजाच्या बंदिखान्यात होता. त्याच्याबरोबरच्या कैद्यांत एक अत्यंत मानी आणि तिरसट वीर होता. त्याच्या कटकटीस कंटाळून बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणेच टाकले. फ्रान्सिसने मात्र त्याचा तिरसटपणा हसतमुखाने सहन केला, आणि हळूहळू त्याला पुन्हा इतरांच्या पंगतीत आणून बसविले. फ्रान्सिस पुढे जो झाला त्याची पहिली खूण ह्या लहानशा गोष्टीत दिसते.

सुटून आल्यावर तो दीर्घकाळ आजारी पडला. बरा झाला तो पूर्वीचा राहिला नाही. मेजवान्यांत त्याचे मन रमेना. असिसीच्या बाहेर कुष्ठरोग्यांची वस्ती होती. लहानपणापासून त्याला त्यांची इतकी किळस येई की, दुरून त्यांची घरे दिसली तरी तो नाक दाबून घेई. एके दिवशी घोड्यावरून जात असता वाटेत एक कुष्ठरोगी उभा होता. फ्रान्सिस घोड्यावरून खाली उतरला, त्याच्या हातावर त्याने नाणे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. ह्यानंतर तो त्या वस्तीत जाऊन रोग्यांची सेवा करू लागला. ज्याची किळस येत होती तेच आपल्याला गोड वाटू लागले, असे त्याने आयुष्याच्या शेवटी लिहून ठेवले आहे.

बापाला हे कसे रुचावे? सान दामियानो येथील एक पडके देऊळ दुरुस्त करण्यासाठी फ्रान्सिसने दुकानातील कापड आणि आपला घोडाही विकला, तेव्हा बापाच्या रागाला सीमा राहिली नाही. पिएत्रोने त्याला घरात कोंडले. अखेर १२०६ साली प्रकरण बिशपपुढे गेले. तेथे सर्वांच्या देखत फ्रान्सिसने बापाचा पैसा तर परत केलाच, पण अंगावरचे कपडेही उतरवून त्याच्यापुढे ठेवले. बापाच्या बाजूनेही ह्या प्रसंगाकडे पाहावयास हवे. पैसा त्याच्या कष्टाचा होता, आणि मुलगा हातचा गेला हे दुःख खरे होते. पुढे वाटेत मुलगा भेटला की तो त्याला शाप देई. तेव्हा फ्रान्सिसने एका गरीब भिकाऱ्याला आपला बाप मानले; खरा बाप शाप देऊ लागला की ह्या मानलेल्या बापाने आशीर्वाद द्यावा, असे त्याच्याशी ठरविले.

फ्रान्सिसला एक सख्खा भाऊही होता. हिवाळ्यातील एका सकाळी फाटक्या कपड्यांत, थंडीने कुडकुडत, फ्रान्सिस प्रार्थना करीत बसला होता. ते पाहून भावाने शेजाऱ्याकरवी त्याला विचारविले की, एका पैशाचा घाम विकत देतोस काय? फ्रान्सिसला राग आला नाही. हा घाम आपण देवालाच अधिक किमतीला विकणार आहो, असे त्याने आनंदाने कळविले. सख्ख्या भावाने अशी थट्टा केली. पण ज्यांचे त्याच्याशी रक्ताचे नाते नव्हते असे भाऊ त्याला पुढे मिळावयाचे होते.

पहिला भाऊ आला तो बेर्नार्दो. हा गावातील श्रीमंत गृहस्थ. आपली सारी मालमत्ता त्याने भर चौकात गरिबांना वाटून टाकली. त्याच्यामागून कायद्याचा जाणकार पिएत्रो कात्तानी आला, मग एजिदिओ नावाचा साधाभोळा तरुण आला. बघता बघता बाराजण झाले. १२०९ च्या सुमारास हे बाराजण पायी रोमला गेले, आणि पोप तिसरा इनोसंट याने त्यांच्या राहणीस तोंडी संमती दिली. अंगात दोरीने बांधलेला जाडाभरडा झगा, पायांत काही नाही, जवळ पैसा नाही. दिवसा शेतकऱ्यांच्या शेतांत किंवा कुष्ठरोग्यांच्या वस्तीत काम करावे, मोबदल्यात मिळेल ते खावे, आणि न मिळाले तर भिक्षा मागावी, असा त्यांचा नेम होता.

त्यांचे पहिले घर म्हणजे एका वाकड्या ओढ्याकाठची पडकी झोपडी. जागा इतकी अपुरी की बसावे तर पाय पसरता येऊ नयेत. फ्रान्सिसने तेथील तुळयांवर खडूने प्रत्येक भावाचे नाव लिहिले, म्हणजे ज्याला त्याला आपली जागा कळावी आणि कोणी कोणाला ढकलू नये. एके दिवशी एक शेतकरी आपले गाढव घेऊन आला, आणि ही जागा हे लोक बळकावतील ह्या समजुतीने मुद्दाम गाढवासकट आत घुसला. फ्रान्सिसला क्षणभर वाईट वाटले. पण तो भांडला नाही. भावांना घेऊन तो मुकाट्याने बाहेर पडला. त्यानंतर डोंगरावरील मठाच्या साधूंनी त्यांना एका जुन्या चर्चजवळ जागा दिली. त्या जागेच्या नावाचा अर्थच मुळी जमिनीचा लहानसा तुकडा असा होता. जागा आपली नव्हे याची आठवण राहावी म्हणून फ्रान्सिस दर वर्षी मठाला टोपलीभर मासे खंड म्हणून पाठवी, आणि मठातले साधू त्याबद्दल भांडेभर तेल देत.

त्या पडक्या झोपडीत असतानाची एक रात्रीची गोष्ट सांगतात. सारे निजले असता एक भाऊ एकदम ओरडला की, आपण मरतो आहो. दिवा लावून पाहतात तो त्याला काही रोग नव्हता. तो भुकेने मरत होता. उपवासाच्या उत्साहात त्याने शक्तीबाहेर अन्न टाकले होते. दुसरा कोणी पुढारी असता तर त्याने त्या भावाला दुबळा म्हणून बोल लावला असता, किंवा फार दया आली तर एकट्यापुढे पान वाढले असते. फ्रान्सिसने सर्वांना उठविले आणि मध्यरात्री सर्वांसाठी अन्न मांडले. आधी तो स्वतः जेवावयास बसला, मग इतरांनाही त्याने बसविले. भुकेलेल्या भावाला एकट्याने खाताना लाज वाटू नये एवढाच त्याचा हेतू होता. जेवण झाल्यावर त्याने सांगितले की, प्रत्येकाने आपली शक्ती ओळखून उपास करावा आणि दुसऱ्याची बरोबरी करू नये. स्वतः तो फार कडक उपास करी. पण त्या रात्री त्याने आपला उपास भावाच्या भुकेहून लहान मानला.

पंथाचे नियम लिहिले जात असता त्यात धाकटे हा शब्द आला, आणि फ्रान्सिसने तोच पंथाच्या नावासाठी उचलला. असिसीत ह्या शब्दावरून तलवारी उपसल्या गेल्या होत्या. धाकट्यांना मोठे व्हावयाचे होते आणि मोठ्यांना मोठे राहावयाचे होते. आपल्याला धाकटेच राहावयाचे आहे, असे आनंदाने सांगणारे हे लोक गावाला नवे होते. त्यांच्यात वरिष्ठाला वरिष्ठ म्हणावयास मनाई होती. भावांची व्यवस्था पाहणाऱ्याला सेवक हे नाव दिलेले असे, आणि भावांनी एकमेकांचे पाय धुवावे असा नियमच होता. १२१२ साली असिसीच्या एका सरदार घराण्यातील क्लारा नावाची तरुणी घर सोडून आली, आणि स्त्रियांसाठीही अशीच एक शाखा सुरू झाली.

पंथ वाढला. दहा वर्षांत बारांचे हजारो झाले. देशोदेशी भाऊ पसरले, आणि संख्येबरोबर मोठेपणाही मागील दाराने आत येऊ लागला. एकदा वार्षिक सभेसाठी असिसीच्या नगरसभेने त्यांना न विचारताच दगडी भिंतींचे एक पक्के घर बांधून ठेवले. फ्रान्सिस बाहेरगावाहून परतला तो ते पाहून थेट छपरावर चढला, आणि कौले उपटून खाली फेकू लागला. ते घर नगरसभेचे आहे, भावांचे नव्हे, असे अधिकाऱ्यांनी ओरडून सांगितले तेव्हा कुठे तो थांबला. नम्र माणूस मवाळच असतो असे नाही.

दुसऱ्या वेळी एक तरुण भाऊ स्वतःजवळ एक ग्रंथ बाळगण्याची परवानगी मागू लागला. त्या काळी ग्रंथ हाताने लिहीत, आणि त्यास फार मोल पडे. फ्रान्सिसने त्याला समजाविले की, एक ग्रंथ मिळाला की दुसरा हवासा वाटेल, मग तू उंच आसनावर बसशील आणि तो ग्रंथ आणून दे म्हणून भावाला हुकूम सोडशील. ह्यावरून फ्रान्सिस विद्येचा शत्रू होता असे मात्र समजू नये. अँथनी नावाच्या विद्वान भावाला त्याने इतरांना शिकविण्याची संमती दिली होती. त्याला भय होते ते ग्रंथाचे नव्हे, हुकुमाचे.

१२१९ साली तो ईजिप्तमध्ये गेला. दमिएत्ता शहराला ख्रिस्ती सैन्याचा वेढा पडला होता. दोन्ही बाजूंची माणसे मरत असता फ्रान्सिस एका भावाला घेऊन, शस्त्रावाचून, शत्रूच्या छावणीत गेला आणि सुलतान अल-कामिल याला भेटला. दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही. परंतु सुलतानाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला सुखरूप परत पाठविले.

ह्या प्रवासाहून तो परतला तेव्हा त्याची प्रकृती पार खालावली होती. चालवेना, म्हणून त्याला एका गाढवावर बसविले. बरोबर लिओनार्दो नावाचा भाऊ होता. तोही प्रवासाने थकला होता, आणि त्याला गाढवामागून पायी चालावे लागत होते. हा लिओनार्दो असिसीच्या एका सरदार घराण्यातला. चालता चालता त्याच्या मनात आले की, आपल्या घराण्याची आणि ह्या कापडविक्याच्या घराण्याची कधी बरोबरी नव्हती. आज मात्र तो स्वार झाला आहे आणि आपण त्याचे गाढव हाकतो आहो. तोंडाने तो एक अक्षरही बोलला नव्हता. इतक्यात फ्रान्सिस गाढवावरून खाली उतरला. आपण बसावे आणि लिओनार्दोने चालावे हे योग्य नव्हे, कारण घरी असताना लिओनार्दोचे कुळ आपल्या कुळाहून वरचे होते, असे तो म्हणाला. लिओनार्दो थक्क झाला. डोळ्यांत पाणी आणून त्याने फ्रान्सिसचे पाय धरले आणि मनातला विचार सांगून टाकला.

फ्रान्सिसने त्याला दोष दिला नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. आजारी माणसाने गाढवावर बसण्यात काहीच अनुचित नव्हते. न्याय पाहू गेल्यास तो फ्रान्सिसच्या बाजूचा होता. परंतु भावाच्या मनात काटा सलतो आहे असे दिसताच त्याने न्यायाची वाट पाहिली नाही.

१२२० साली त्याने पंथाचे प्रमुखपद सोडले. पंथ त्याने स्थापिलेला, नियम त्याचे, नाव त्याचे. तरीही भरसभेत त्याने पिएत्रो कात्तानीला प्रमुख केले, त्याच्यापुढे मस्तक लवविले आणि यापुढे तुझ्या आज्ञेत राहीन असे वचन दिले. कित्येक भावांना रडू आवरेना. पिएत्रो पुढल्याच वर्षी वारला, आणि एलिया नावाचा भाऊ त्या जागी आला. फ्रान्सिसने आणखी एक मागणे केले: आपल्यासाठी एक पालक नेमावा, आणि आपण त्याचे सर्व बाबतींत ऐकू. काल आलेला पोरसवदा भाऊ पालक म्हणून दिला तरी त्याचेही ऐकेन, असे तो म्हणे. हे सोपे गेले असेल असे मानण्याचे कारण नाही. नवे पुढारी कित्येक गोष्टी त्याच्या मनाविरुद्ध करीत होते, आणि ते पाहून त्याच्या जिवाची तगमग होई. १२२३ साली पोप तिसरा होनोरियस याने पंथाच्या नियमांस लेखी मान्यता दिली.

शेवटची वर्षे दुखण्यात गेली. डोळे जवळजवळ गेले होते. त्या काळच्या उपचाराप्रमाणे वैद्याने लोखंडाची सळई लाल तापवून त्याच्या गालापासून भुवईपर्यंत डाग दिला. पाहणारे भाऊ बाहेर पळाले. फ्रान्सिसने आधी विस्तवालाच भाऊ म्हणून हाक मारली आणि जरा सौम्यपणे वागण्याची त्याला विनंती केली. केवळ माणसेच नव्हेत, तर सूर्य, चंद्र, वारा, पाणी, सारीच त्याला भावंडे वाटत. १२२५ साली, अशा दुखण्यात, त्याने ह्या भावंडांचे एक गीत आपल्या प्रांताच्या बोलीत रचले. इटालियन भाषेतील अगदी आरंभीच्या काव्यांत त्याची गणना होते.

त्याच सुमारास असिसीचा बिशप आणि नगराचा मुख्य अधिकारी यांच्यात हाडवैर जुंपले. बिशपाने अधिकाऱ्याला धर्मातून बहिष्कृत केले. अधिकाऱ्याने दवंडी पिटविली की, बिशपाला कोणी काही विकू नये आणि त्याच्याकडून काही घेऊ नये. दोघांची समजूत घालण्यास कोणी पुढे येईना. फ्रान्सिस अंथरुणावर पडून होता. त्याने आपल्या गीतात क्षमा करणाऱ्यांविषयी एक कडवे नवे घातले. मग अधिकाऱ्यास निरोप पाठविला की, त्याने आपली माणसे घेऊन बिशपाच्या वाड्यात यावे. आणि दोन भावांना तेथे जाऊन ते गीत म्हणावयास सांगितले. वाड्याच्या अंगणात दोन्ही बाजूंची माणसे जमली. भावांनी गीत म्हटले. अधिकारी हात जोडून उभा होता. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि गीत संपताच त्याने बिशपाचे पाय धरले. बिशपाने त्याला उठविले. आपल्या पदाला नम्रता शोभते, पण आपला स्वभाव रागीट आहे, अशी कबुली देऊन त्याने त्याची क्षमा मागितली. दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

१२२६ च्या शरद ऋतूत फ्रान्सिसचा अंत जवळ आला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला त्या लहानशा तुकड्यावरील चर्चपाशी नेण्यात आले. स्वतःचे म्हणून काहीही जवळ नसावे यासाठी त्याने अंगावरचा झगाही काढून टाकला आणि तो उघड्या जमिनीवर निजला. जवळ उभे असलेले भाऊ रडू लागले. तेव्हा त्याच्या पालकाला एक युक्ती सुचली. त्याने एक झगा, एक दोरी आणि एक टोपी आणली. हे कपडे तुझे नव्हेत, तुला उसने दिले आहेत, त्यामुळे ते कोणाला देऊन टाकण्याचा तुला अधिकार नाही; तेव्हा माझी आज्ञा म्हणून ते घाल, असे त्याने सांगितले. फ्रान्सिसला फार आनंद झाला. एका भाकरीचे तुकडे करून त्याने ते सर्व भावांना वाटले. ३ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी, उसना झगा अंगावर असताना, त्याने प्राण सोडला. त्या वेळी तो पंचेचाळीस वर्षांच्या आतबाहेर होता.